मुकादम दाराबाहेर होता

१

बाराच्या बारा स्लाइड बदललेल्या होत्या, आणि प्रत्येकीवरचं अक्षर माझ्या सुनेचंच होतं.

मंगळवारी दुपारी ती घरी आली ती चपला भिरकावूनच. एरवी ती चपलासुद्धा काटकोनात ठेवते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, मी पुढे केलेलं पाणी तसंच ठेवलं आणि म्हणाली, "आई, आज मला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तेही माझ्याच स्लाइड वापरून."

"नीट सांग. पहिल्यापासून."

"औषधाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर ट्रे उघडला. पहिली स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावली, तर सगळी केंद्रकं तपकिरी. दुसरीही तशीच. बाराव्या स्लाइडपर्यंत तेच. मी महिनाभर बघत होते त्यात केंद्रकं निळी होती, रिकामी. तपकिरी रंग बाहेर होता."

"मग त्या स्लाइड तुझ्या कशावरून?"

"नंबर पेन्सिलनं लिहिलेत. अक्षर माझंच आहे. माझा सात कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे."

होतंच माहीत. त्या सातावरून मी तिला एकदा चांगलं झापलं होतं. तेव्हा ती माझी सून नव्हती.

आता मी कोण ते सांगते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत मी एकतीस वर्षं काप काढले. रोग्याच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मशीनवर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे. माझं पातं आणि माझी जीभ दोन्ही सारखीच चालतात म्हणून तिथे मला 'वस्तरा' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण नव्यांना शिकवायला महिन्यातून दोनदा अजून बोलावतात, त्यामुळे माझा पास चालू आहे. सून तिथेच शास्त्रज्ञ. लोक म्हणतात, मी मुलासाठी मुलगी प्रयोगशाळेतूनच उचलली. खरं म्हणजे मुलगा मला न्यायला यायचा आणि दर वेळी अर्धा तास आधी यायचा. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"पुढे काय ठरलं?" मी विचारलं.

"शुक्रवारी अकरा वाजता मी एका पत्रावर सही करायची. माझे निष्कर्ष चुकले, मी ते मागे घेते. सही केली तर नोकरी राहील. आणि सोमवारपासून या बारा रोग्यांपैकी अकरांना नवं औषध सुरू, एकानं नकार दिलाय."

"नाही केलीस तर?"

"तर खोटेपणाचा ठपका. औषध तरीही सुरू."

"एवढंच ना? ब्लॉक काढ, नव्यानं काप. मी स्वतः कापून देते."

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "ब्लॉक नाहीत, आई. प्रत्येकात निम्मा तरी तुकडा शिल्लक ठेवला होता मी. कुणीतरी बाराही ब्लॉक एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये ठेवले. सगळ्याचा एक गोळा झालाय. आणि म्हणे, तेही मीच विसरले."

२

ज्याच्यापायी हा सगळा गोंधळ झाला ते एक प्रथिन आहे. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. आमच्या घरात त्याला मुकादम म्हणतात. स्लाइडवर जिथे तपकिरी रंग चढतो तिथे तो असतो.

पेशीच्या आत केंद्रक असतं आणि केंद्रकात जनुकं. कुठल्या जनुकानं आता काम करायचं आणि कुठल्यानं गप्प बसायचं, हे सांगणारी काही प्रथिनं असतात. मुकादम त्यांतलाच एक. पण त्याचा हुकूम चालतो तो केंद्रकात शिरल्यावरच. बाहेर कितीही घिरट्या घातल्या तरी त्याला कुणी भीक घालत नाही.

विभागप्रमुख गेली पाच वर्षं एकच सांगत आले होते. या गाठींमध्ये मुकादम तिप्पट सापडतो, म्हणजे पेशींना बेफाम वाढायला तोच लावतो. त्याला नष्ट केलं की गाठ थांबेल. त्यांच्या या म्हणण्यावर औषध तयार झालं होतं.

सुनेचं म्हणणं नेमकं उलटं. मुकादम हा पेशींना 'पुरे, आता वाढू नका' असं सांगणारा. या रोग्यांच्या गाठीत तो ढिगानं आहे, पण सगळा केंद्रकाच्या बाहेर अडकलेला. त्याचा हुकूम आत पोचत नाही, म्हणून पेशी आणखी मुकादम तयार करते, आणि तेही बाहेरच अडकतात.

"मग हे प्रमुखांना पाच वर्षांत दिसलं कसं नाही?" मी तिला मागेच विचारलं होतं.

"ते गाठीचा तुकडा चटणीसारखा वाटून घेतात आणि मग प्रथिन मोजतात. सगळं वाटल्यावर आत काय होतं आणि बाहेर काय, ते कसं कळणार?"

म्हणजे गुन्ह्याच्या जागी गर्दी करून सापडला, एवढ्यावरून त्यालाच गुन्हेगार ठरवलं. औषध दिलं की जे थोडेफार मुकादम अजून आत शिरत होते तेही संपणार आणि गाठ मोकाट सुटणार. अकरा जिवंत माणसांच्या अंगात. माझं तर डोकंच फिरलं.

संध्याकाळी मुलगा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शहाणपणा केला. "सही करून टाक. नोकरी राहिली तर वर्षभरात पुन्हा सिद्ध करशील."

"वर्षभरात ते अकरा जण कुठे असतील?" सुनेनं विचारलं.



"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "काढू देत मला."

"तू भांडी घासायला घे," मी मुलाला म्हटलं. "आम्हाला काम आहे." तो गेल्यावर मी सुनेकडे वळले. "स्लाइडचा दुसरा संच कुठे असतो तुझा?"

आमच्याकडे अशी पद्धत आहे. ओल्या हातानं काचेवर लिहिता येत नाही, म्हणून कापायला बसण्याआधीच नंबर घालून ठेवायचे. आणि एक संच फुटला, बिघडला तर हाताशी असावा म्हणून दुसऱ्या कोऱ्या स्लाइडवरही तेच नंबर घालायचे. ही सवय सगळ्यांना मीच लावली.

"मशीनखालच्या खणात," ती म्हणाली आणि थबकली. "आई, त्यावरही माझंच अक्षर आहे."

"म्हणजे चोराला काही लिहावंच लागलं नाही."

३

बुधवारी सकाळी आम्ही तो खण उघडला. रिकामा.

कापायच्या खोलीची किल्ली सुनेखेरीज तिघांकडे होती. पहिला तिच्या शेजारच्या टेबलावरचा संशोधक. तो बाटल्यासुद्धा उंचीप्रमाणे लावतो म्हणून आम्ही त्याला टापटीप म्हणतो. बढतीसाठी त्याचं आणि सुनेचं, अशी दोनच नावं होती. दुसरे स्वतः विभागप्रमुख. तिसरे भिंग, म्हणजे स्लाइड वाचणारे आमचे सर्वांत जुने डॉक्टर.

टापटीप मला बघताच फ्रिजच्या दारावर बोट ठेवून उभा राहिला. दारावर त्यानं मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'रंगवायचं मशीन तपासायची बाटली ज्यानं वापरली त्यानं नाव लिहावं.'

"कधी लावलीस?"

"मागच्या सोमवारी. शनिवारी बाटलीत जेवढं होतं त्यातलं चांगलं बोटभर कमी झालं होतं. इथे कुणाला शिस्तच नाही, ताई."

"माझ्या सुनेचं काय झालं ते कळलं ना?"

"कळलं." त्यानं मान खाली घातली. "बढती मला हवी आहे. पण अशी नको. अशी मिळाली तर लोक जन्मभर माझ्या तोंडाकडे बघून हसतील."

हा माणूस खोटं बोलत असेल तर फार सफाईनं बोलत होता. सफाई हा त्याचा स्वभावच, त्यामुळे मला काही ठरवता येईना.

प्रमुखांनी मला खुर्ची दिली. पंचवीस वर्षांपूर्वी हे माझ्याकडे काप शिकायला आले होते, तेव्हा मी त्यांना बोटांवर पट्टी मारली होती. हात मात्र चांगला होता.

"बाई, सुनेला समजवा," ते म्हणाले. "हट्टानं स्वतःचं नुकसान करून घेतेय."

"तिनं फोटो काढले होते त्या स्लाइडचे."

"फोटो काय, हल्ली कुणीही बनवतं. स्लाइडवर काय आहे ते पाच जणांनी डोळ्यांनी बघितलं."

"तुम्ही स्वतः शेवटची स्लाइड कधी बघितलीत?"

त्यांना ते लागलं. "त्यासाठी आमचे डॉक्टर आहेत. मुकादम, म्हणजे ते प्रथिन, केंद्रकात आहे असं त्यांनी पाच वर्षांपूर्वीच तपासून सही करून दिलंय. तुमच्या सुनेला त्यांच्यापेक्षा जास्त दिसतं का?"

"तिला चष्मा नाही," मी म्हटलं आणि उठले. मुकादम हे आमच्या घरातलं नाव यांच्या तोंडी कुठून बसलं, याचं मला हसू येत होतं. सुनेचं म्हणणं कुणी ऐकत नव्हतं, पण तिचा शब्द मात्र सगळ्यांनी उचलला होता.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते मागून म्हणाले, "शुक्रवारी अकरा. एक मिनिटही जास्त नाही."

४

भिंग यांच्या खोलीत शिरताना मला अजूनही घरात शिरल्यासारखं वाटतं. तीस वर्षं रोज सकाळी तयार स्लाइडचा ट्रे मी त्यांच्या टेबलावर ठेवला. स्लाइडवर नजर टाकून रोग ओळखणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

"या वस्तरा," ते म्हणाले. "मला वाईट वाटतंय हो. पोरगी हुशार आहे, पण घाई केली. आणि ब्लॉकही घालवून बसली. सातव्यात म्हणा काही उरलंच नव्हतं, पण बाकीच्यांतून काहीतरी निघालं असतं."

मी त्यांना माझी युक्ती सांगितली. एका ब्लॉकमधून निघालेल्या सगळ्या कापांची कड सारखीच असते, एकाच पावाच्या स्लाइसची असते तशी. प्रत्येक रोग्याची निदानाची पहिली स्लाइड दवाखान्याच्या संग्रहात वर्षानुवर्षं जपलेली असते. समितीपुढे आलेल्या स्लाइड त्यांच्याशी ताडून बघायच्या. कड जुळली नाही, तर काप भलत्याच कुणाच्या गाठीचे आहेत हे उघड होईल.

"संग्रहाची परवानगी तुम्ही देता," मी म्हटलं.

"देतो की." त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. "बघा, जरूर बघा. तिचं खरं निघावं असं मलाही मनापासून वाटतं."

दुपारी समितीच्या कारकुनासमोर बसून आम्ही दोघींनी स्लाइड शेजारी शेजारी मांडल्या. पहिलीचा काप गोल, संग्रहातलाही गोल. दुसरा लांबट, संग्रहातलाही लांबट. तिसराही जुळला. सहाव्यापर्यंत पोचून मी थांबलेच. काप त्याच गाठींचे होते, त्याच ब्लॉकमधले. ज्या एका गोष्टीवर मी विसंबून होते तीच आमच्यावर उलटली होती.

कारकुनानं कागदावर काहीतरी लिहिलं.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात आलं, हिनंच तर चूक केली नसेल? चुकीचं बघून त्यालाच धरून बसली नसेल?  सुनेला माझा चेहरा वाचता येतो.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

५

गुरुवारी मी एकटीच परत गेले. सुनेच्या त्या दोन शब्दांनी मला झोप लागू दिली नव्हती, आणि अर्धवट टाकलेलं काम मला तसंही सोसत नाही. आदल्या दिवशी मी सहाव्यावर थांबले होते. म्हणून सातवी काढली.

सातव्या गाठीला एका बाजूला खाच होती, कुणी चावा घेतल्यासारखी. संग्रहातल्या स्लाइडवर ती खाच उजवीकडे होती. समितीच्या स्लाइडवर डावीकडे.

मी स्लाइड गोल फिरवून बघितली. खाच वर गेली, खाली गेली, पण बाकीचा आकार काही जुळेना. मग मी खिशातला छोटा आरसा काढून संग्रहातल्या स्लाइडशेजारी धरला. आरशात दिसत होती ती थेट समितीची स्लाइड. मी कारकुनासमोरच जोरात हसले. तो दचकला.

पहिल्या सहा पुन्हा काढल्या. आदल्या दिवशी मी नुसती गोल की लांब एवढंच बघितलं होतं. आता नीट बघितलं. बारांपैकी नऊ काप आरशातल्यासारखे उलटे होते. उरलेले तीन इतके गोल, की सुलट काय आणि उलटं काय, कळूच नये.

मी सुनेला फोन केला. "ये लगेच. आणि कालच्याबद्दल मला माफ कर."

ती धावत आली. मी तिला विचारलं, "काप पाण्यावर ठेवताना कुठली बाजू खाली?"

"चकचकीत," ती न थांबता म्हणाली. "पात्याला लागून येते ती. पहिल्याच दिवशी तुम्ही पट्टी मारली होती."

"उलटी ठेवली तर?"

"तर काप काचेवर उलटा बसेल. पण मायक्रोस्कोपखाली तो अगदी चांगला दिसतो, कुणाला समजणार नाही..." ती नऊ स्लाइडकडे बघत राहिली. "हे मी कापलेलं नाही. हे तुमच्या हाताखाली शिकलेल्या कुणीच कापलेलं नाही."

"आता मायक्रोस्कोपला बस. गाठीच्या पेशी सोड. रक्तवाहिनीत ज्या पांढऱ्या पेशी आहेत त्या बघ. त्यांत मुकादम असतो का?"

"नसतो." तिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "त्याही तपकिरी आहेत. सगळ्याच तपकिरी आहेत, आई! एकही पेशी सुटलेली नाही. हा मुकादमाचा रंगच नव्हे. ही मशीन तपासायची बाटली आहे, ती कुठलंही केंद्रक रंगवते."

टापटीपची बाटली. चोरानं तिचेच ब्लॉक पुन्हा कापले, तिच्याच नंबरांच्या कोऱ्या स्लाइडवर काप घेतले, भलत्याच बाटलीनं रंगवले आणि मग ब्लॉक वितळवून टाकले. रंगवायला मशीन आहे, बाटली लावून बटण दाबलं की झालं. कापायला मात्र स्वतःचे हात लागतात.

"कोण?" सुनेनं विचारलं.

मला नाव कळलं होतं, आणि ते तोंडातून काढणं माझ्या जिवावर आलं होतं.

६

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना मी समितीच्या खोलीत कोमट पाण्याचं भांडं, ब्रश आणि काळ्या कागदावर ताज्या कापांच्या पट्ट्या घेऊन शिरले. टेबलाच्या टोकाला प्रमुख, बाजूला समितीचे चौघे, भिंतीकडे भिंग आणि टापटीप. सुनेसमोर पत्र आणि पेन.

"हे काय?" प्रमुखांनी विचारलं. "बाई, ही शिकवायची वेळ नाही."

"सही माझी हवी आहे ना?" सून म्हणाली. "मग पाच मिनिटं थांबावं लागेल."

प्रमुखांनी घड्याळाकडे बघितलं आणि हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली.

"किल्ली असलेल्या तिघांनी एकेक पट्टी पाण्यावर ठेवायची," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

टापटीप पुढे आला. ब्रशनं पट्टीचं टोक उचललं, उजेडाकडे तिरपं धरून चकाकी बघितली आणि चकचकीत बाजू खाली टेकवली. पाच सेकंदांत काम झालं. त्यानं ब्रश पुसून जागेवर ठेवला, अर्थातच सरळ रेषेत.

प्रमुखांनी नाराजीनं बाह्या मागे सारल्या. बरीच वर्षं हात लागला नव्हता, पट्टी थोडी चुरगळली, पण बाजू बरोबर. शिकलेलं बोटांत राहतं ते असं.

मग भिंग उठले. त्यांनी पट्टी नाजूकपणे उचलली, हवेतच उलटली आणि पाण्यावर सोडली. पट्टी छान पसरली. ते समाधानानं मागे सरले.

"डॉक्टर," मी विचारलं, "कुठली बाजू खाली गेली?"

त्यांनी आधी पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाजू असते?" ते म्हणाले.

 मी समितीसमोर स्लाइड मांडल्या, आरसा ठेवला आणि सगळं सांगितलं. उलटे काप. रंगलेल्या पांढऱ्या पेशी. कमी झालेली बाटली, जिच्याबद्दल टापटीपनं स्वतःच बोंब मारली होती. गुन्हेगार स्वतःहून चिठ्ठी लावत नाही. "आणि डॉक्टर, सातव्या ब्लॉकमध्ये काही उरलं नाही असं तुम्ही मला म्हणालात. सुनेनं प्रत्येकात निम्मा ठेवला होता. शिकाऊ माणूस नीट काप मिळेपर्यंत फार तुकडा वाया घालवतो. किती उरलं ते फक्त शेवटी कापणाऱ्यालाच ठाऊक असणार."

भिंग खाली बसले. त्यांनी नाकारलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

"पाच वर्षांपूर्वी आकडे इतके चांगले होते," ते म्हणाले, "की मी स्लाइड न लावताच सही केली. एकदाच. मग या पोरीनं तिच्या स्लाइड माझ्याकडे तपासायला आणल्या, तेव्हा पहिल्यांदा बघितलं."

"बघितलंत, आणि तरीही?" माझा आवाज चढला. "तीस वर्षं आयत्या स्लाइड तुमच्या हातात दिल्या मी. त्या बघायच्या सोडून हे शिकलात?"

"चार महिन्यांनी निवृत्त होतोय मी. चाळीस वर्षांत एक चूक, आणि सगळे तेवढीच लक्षात ठेवणार."

"माझ्या स्लाइड कुठे आहेत?" सुनेनं विचारलं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"माझ्या खोलीत, खालच्या खणात. फेकायला गेलो होतो. पण स्लाइड फेकणं मला कधी जमलं नाही."

टापटीप त्या घेऊन आला. समितीच्या चौघांनी एकामागून एक डोळा लावला. तपकिरी कड, मध्ये निळं रिकामं केंद्रक. पांढऱ्या पेशी स्वच्छ. प्रमुखांनी सर्वांत शेवटी बघितलं आणि सर्वांत जास्त वेळ बघितलं.

मग ते उठले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

७

"आपण हे आपापसात मिटवू," ते म्हणाले. "अनवधानानं अदलाबदल झाली असं लिहू. डॉक्टर आजारपणाच्या रजेवर जातील. औषध तांत्रिक कारणानं महिनाभर पुढे ढकलू. मॅडम, तुमच्यावर डाग नाही, आणि बढतीचं मी बघतो."

माझ्या सुनेनं समोरचं पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहू लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती. "हे प्रथिन या रोग्यांत केंद्रकाबाहेर आहे. ते नष्ट करणारं औषध यांना दिल्यास गाठ वाढेल. मूळ स्लाइड लपवल्या गेल्या होत्या. कुणी लपवल्या ते खाली लिहिलं आहे. औषध देऊ नये." तिनं पेन प्रमुखांकडे सरकवलं. "आता सही तुम्ही करा."

"तुम्हाला कळतंय का, माझी पाच वर्षं..."

"मला अकरा माणसं कळतात. महिन्यानंतर कुणी विचारलं नाही, तर तुम्ही हळूच सुरू कराल. मी इथून हलणार नाही. दार तुम्हीच लावलंय, मला घाई नाही."

ते माझ्याकडे वळले. मी त्यांना चारचौघांत कायम अहो-जाहो करते, पण तेव्हा तोंडातून गेलंच. "कर रे सही. हात चांगला होता तुझा, बिघडवू नकोस."

त्यांनी सही केली. खाली समितीच्या चौघांनीही केली. भिंग यांनी स्वतःहून पेन मागून घेतलं आणि आपलं नाव लिहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. अजूनही माझा राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

कागद घेऊन सून तडक वॉर्डात निघाली. "सोमवारची वाट कशाला बघायची?" ती म्हणाली. मी मागोमाग. तिनं कागद वॉर्डच्या सिस्टरला दिला, औषधाचे खोके कपाटात कुलूपबंद झालेले डोळ्यांनी बघितले आणि मग पहिल्या खाटेपाशी गेली.

तिथे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. उशीला टेकून कुणाच्या तरी सदऱ्याला काज करत होत्या. सुनेनं त्यांना आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. नवं औषध मिळणार नाही. ते दिलं असतं तर आजार वाढला असता. मुकादम गुन्हेगार नाही, तो दाराबाहेर अडकून पडलाय.

बाईंनी सुई खाली ठेवली. सोमवारची त्यांनी किती आशा धरली होती ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि जिंकून आलेल्या आम्हा दोघींना ते बघणं जड गेलं.

"मग आता मला काय देणार?" त्यांनी विचारलं.

"सध्या जे चालू आहे तेच," सून म्हणाली. "नवीन काही नाही. खोटं नाही सांगणार."

"आणि तो तुमचा मुकादम. त्याला आत कसं न्यायचं ते माहीत आहे कुणाला?"

"अजून नाही."

बाईंनी आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि सुई पुन्हा उचलली.

"मग इथे काय उभ्या राहिलात?"